तीनदा तापवलेलं दूध

शुक्रवार, ३१ मार्च २०००, सकाळी अकराच्या सुमारास
पहिल्या तक्रारीला ८८ दिवस बाकी

होक्काइदो हे जपानचं उत्तरेकडचं मोठं बेट आणि त्या देशाचं दुधाचं कोठार. तिथल्या तोकाची भागात ताइकी नावाचं गाव आहे. मार्च संपत आला तरी तिथल्या छपरांवर बर्फ असतो. दिवसा तो थोडा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो, आणि पागोळ्यांच्या जागी बर्फाचे सुळे लोंबत राहतात. त्या शुक्रवारी असाच एक सुळा युकिजिरुशी दूधकंपनीच्या कारखान्यात वीजघराच्या छपरावर कोसळला. छप्पर फुटलं, पाणी आत गेलं, शॉर्टसर्किट झालं आणि कारखाना थांबला.

युकिजिरुशी म्हणजे ‘स्नो ब्रँड’. १९२५ साली होक्काइदोतल्या दूध उत्पादकांनी सहकारातून उभी केलेली आणि पुढे देशात सर्वांत मोठी झालेली ही कंपनी. तिच्या नावावर आयांचा भरवसा होता. पुढे जे घडलं ते समजून घेताना हा भरवसा लक्षात ठेवावा लागतो.

दुपारी बारा

वीज गेली त्या क्षणी दूध यंत्रांमध्ये होतं. ताइकीत सेपरेट दुधाची पावडर बनायची. त्यासाठी निरसं दूध आधी कोमट करतात, कारण कोमट दुधातून साय नीट वेगळी होते. मग ते सेपरेटरमधून जातं, पुढे निर्जंतुक होण्यासाठी तापतं, आटतं आणि शेवटी गरम हवेच्या फवाऱ्यात वाळून त्याची पावडर होते. दूध वाहतं आहे तोवर कोमटपणाचा हा टप्पा थोडक्यात उरकतो. वाहणं थांबलं की तोच टप्पा सर्वांत धोक्याचा ठरतो.

आता दूध वाहत नव्हतं. थंड करणारी यंत्रणा बंद होती, तापवणारीही बंद होती.

निरशा दुधात ‘स्टॅफिलोकोकस ऑरियस’ हा जंतू थोड्या प्रमाणात असतोच. कासदाह झालेल्या गाईच्या सडातून तो येतो, दूध हाताळणाऱ्याच्या हातावरून आणि नाकातूनही येतो. सात अंशांच्या खाली त्याची वाढ जवळपास थांबते. दहा अंशांच्या खाली तो विष बनवू शकत नाही. कोमट दुधात मात्र त्याला सगळंच मिळतं: साखर, प्रथिनं, ऊब आणि वेळ.

दुपारी एक

दर अर्ध्या तासाने जंतू दुप्पट होतात असं धरलं, तर चार तासांत एकाचे २५६ होतात. हा नुसता हिशेब आहे, त्या टाकीतली मोजणी नव्हे. पण ‘थोडा वेळच तर बाहेर राहिलं’ हे वाक्य किती फसवं आहे, ते यातून कळतं. पहिल्या तासात फारसं काही घडत नाही. जे घडतं ते शेवटच्या तासात, आणि बघणाऱ्याला दोन्ही तास सारखेच दिसतात.

आपल्या घरातही धोका याच क्रमाने वाढतो. म्हणूनच दुधासारखे पदार्थ फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नयेत आणि कडक उन्हाळ्यात ही मुदत एकच तास धरावी, असं अन्नसुरक्षेचे जाणकार सांगतात. वीज गेली तर फ्रिजचं दार न उघडल्यास आतला गारवा साधारण चार तास टिकतो. त्यामुळे वीज कधी गेली ही वेळ माहीत असणं फार मोलाचं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवली तरी पुरे.

जंतूंची संख्या पुरेशी वाढली की ते एक विष बाहेर टाकू लागतात. त्याचं नाव एन्टेरोटॉक्सिन ए. त्याला वास नाही, चव नाही, रंग नाही. त्याने दूध फुटत नाही, आंबत नाही. नासलेलं दूध आपल्याला ओळखू येतं आणि आपण ते ओतून देतो, म्हणून त्याची भीती कमी. हे दूध चांगलंच दिसतं.

दुपारी दोनच्या आसपास

सुमारे तीन तासांनी वीज आली. पण वाटेत अडकलेलं दूध वीस अंशांच्या वरच्या तापमानात एकूण साधारण चार तास राहिलं. दुसऱ्या एका टाकीत परत वळवून साठवलेलं दूधही थंड न होता कित्येक तास पडून होतं, असं पुढे तपासात दिसलं.

हे दूध ओतून द्यायला हवं होतं. तसं झालं नाही. पुढे निर्जंतुकीकरणाचा टप्पा आहेच, तिथे सगळं मरेल, असं धरून यंत्रं पुन्हा सुरू करण्यात आली.

या समजुतीवर मी घुटमळतो, कारण ती आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात आहे. दूध वर आलं, एक कढ आला, म्हणजे ते निर्धोक झालं, ही आपली श्रद्धा. ती निम्मी खरी आहे. उकळल्याने जंतू मरतात. जंतूंनी आधीच सोडलेलं विष मरत नाही, कारण ते मुळात जिवंत नाही. ते एक छोटं, चिवट प्रथिन आहे. शंभर अंशांवर अर्धा तास ठेवलं तरी टिकणारं. तापवायला उशीर झाला असेल तर त्यानंतरच्या तापवण्याने फक्त पुरावा नाहीसा होतो. जंतू मेलेले, विष शाबूत.

हे दूध पहिल्यांदा तापलं.

शनिवार, १ एप्रिल
८७ दिवस

त्या दुधाची पावडर झाली. ९३९ पोती भरली. तपासणीत काही पोत्यांतल्या जिवाणूंची संख्या प्रमाणाबाहेर निघाली. म्हणजे इशारा मिळाला होता, आणि तो कारखान्याच्या स्वतःच्या प्रयोगशाळेने दिला होता.

सोमवार, १० एप्रिल
७८ दिवस

प्रमाणाबाहेर ठरलेली पावडर फेकली गेली नाही. ती पाण्यात विरघळवून ताज्या दुधात मिसळली, पुन्हा तापवली आणि पुन्हा वाळवली. ८३० पोती नवी पावडर तयार झाली. या वेळी जिवाणूंची संख्या मर्यादेत आली, कारण मोजणी जिवंत जंतूंची होते. विषाची तपासणी तेव्हाच्या नेहमीच्या चाचण्यांत नव्हती.

हे दुसरं तापवणं.

मला वाटतं, आपत्ती ठरली ती याच दिवशी. बर्फाचा सुळा हा अपघात होता. ३१ मार्चची चूक धावपळीत झाली असं म्हणता येईल. १० एप्रिलला मात्र हातात वेळ होता, तपासणीचा निकाल होता आणि फेकण्याचा पर्याय होता. ज्यांनी ती पावडर वापरली त्यांना कुणाला आजारी पाडायचं नव्हतं. त्यांना दूध वाया जाऊ द्यायचं नव्हतं, आणि ही भावना आपल्यालाही जवळची आहे. दूध ओतून देणं आपण अशुभ मानतो. रात्रभर ओट्यावर राहून गेलेलं दूध सकाळी हाताशी आलं की त्याचं काय करता येईल हा विचार आधी येतो. तापवून विरजण लावू, लिंबू पिळून पनीर करू, आटवून खवा करू, खीर करू. एका पदार्थाचा दुसरा पदार्थ केला की पहिल्याचा दोष गेला असं वाटतं. जंतूंच्या बाबतीत ते काही अंशी खरंही आहे: दह्याच्या आंबटपणात हा जंतू नीट वाढत नाही, आणि तुपात पाणीच नसल्याने त्याला जगता येत नाही. म्हणून दही आणि तूप बाहेर राहिलं तर दुधाइतकी काळजी नसते. पण आधीच तयार झालेलं विष दह्यात, पनीरात, खव्यात जसंच्या तसं उतरतं. खव्याची आणखी एक अडचण आहे. कमी पाण्यात आणि जास्त साखरेत बहुतेक जंतू हरतात, हा मात्र तग धरतो. बाहेर राहिलेल्या पेढ्याचं आणि बर्फीचं भय त्यामुळेच.

एप्रिल, मे

पोती गोदामात राहिली. कोरड्या पावडरीत काही वाढत नाही, काही घटतही नाही.

या शांत आठवड्यांत एक जुनी गोष्ट सांगायला हवी. १९५५ च्या मार्चमध्ये टोकियोतल्या काही प्राथमिक शाळांत, मधल्या सुट्टीच्या जेवणातल्या दुधाने सुमारे १९०० मुलं आजारी पडली होती. ते दूध सेपरेट दुधाच्या पावडरीचं होतं. पावडर होक्काइदोतल्या याकुमो कारखान्यातली. कारखाना याच कंपनीचा. कारण वीज जाणं, यंत्र बिघडणं आणि त्यामुळे दूध थंड न होता पडून राहणं. जंतूही हाच. तेव्हाचे अध्यक्ष सातो मित्सुगी यांनी सगळ्या कर्मचाऱ्यांना उद्देशून एक निवेदन काढलं होतं आणि ते नव्याने रुजू होणाऱ्यांना अनेक वर्षं दिलं जाई. नंतर ही प्रथा मागे पडली. ४५ वर्षांनी त्याच बेटावर, त्याच कंपनीत, त्याच पदार्थाच्या बाबतीत तीच साखळी पुन्हा जोडली गेली, आणि ताइकीत दुपारी वीज आल्यावर कुणी याकुमोचं नाव घेतल्याचं दिसत नाही.

जूनचा उत्तरार्ध
उरले काही दिवस

१० एप्रिलच्या पावडरीतली काही पोती ओसाकाला आली. मियाकोजिमा भागातल्या कंपनीच्या कारखान्यात कमी स्निग्धांशाचं दूध बनत असे. त्यात घट्टपणा येण्यासाठी सेपरेट दुधाची पावडर घालतात. या कारखान्याकडे स्वच्छतेच्या आधुनिक पद्धतीची सरकारी मान्यता होती.

पावडर मिसळली गेली. मिश्रण १३० अंशांपर्यंत दोन-एक सेकंद तापवलं गेलं, थंड केलं गेलं आणि खोक्यांत भरलं गेलं.

तिसरं तापवणं. यानंतर खोकी गारव्यात राहिली, दुकानात गारव्यात राहिली, घरी फ्रिजमध्ये गेली. आता थंडीची साखळी कुठेही तुटली नव्हती, आणि तिचा काही उपयोगही नव्हता.

मंगळवार, २७ जून

कंपनीकडे एका ग्राहकाची तक्रार आली: दूध प्यायल्यावर उलट्या आणि जुलाब. त्याच दिवशी ओसाकाच्या आरोग्य खात्याकडेही खबर पोचली.

या विषाचं काम झपाट्याचं असतं. पोटात गेल्यापासून एक ते सहा तासांत मळमळ, उलट्या, पोटात कळा, जुलाब सुरू होतात. धडधाकट माणूस बहुधा दिवस-दोन दिवसांत सावरतो. लहान मुलं आणि म्हातारी माणसं पाणी कमी होऊन खंगतात. आणि दूध कोण पितं? हीच दोन टोकं.

बुधवार, २८ जून

तक्रारी वाढू लागल्या. शहराचे अधिकारी कारखान्यात तपासणीला आले. कंपनीचे वरिष्ठ त्या दिवशी साप्पोरोत भागधारकांच्या वार्षिक सभेत होते. शहराने माल परत मागवा आणि लोकांना जाहीर सांगा असा आग्रह धरला. रात्र झाली तरी जाहीर घोषणा झाली नाही.

ती रात्र वाया गेली हे माझ्या मनातून जात नाही. ३१ मार्चचे तास जंतूंना मिळाले होते; हे तास माणसांकडून हिरावले गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कितीतरी घरांत न्याहारीच्या टेबलावर तीच खोकी उघडली असणार.

गुरुवार, २९ जून

सकाळी दुकानांतून माल काढून घ्यायला सुरुवात झाली. दुपारी ओसाका शहराने स्वतः जाहीर केलं. कंपनीची पत्रकार परिषद झाली तेव्हा रात्रीचे पावणेदहा वाजले होते. पहिल्या तक्रारीला दोन दिवस होऊन गेले होते.

शुक्रवार, ३० जून

आकडे हजारांत गेले. प्रयोगशाळांपुढे विचित्र पेच होता: उरलेल्या दुधात जिवंत जंतू सापडत नव्हते. तीनदा तापवल्यावर सापडणार तरी कसे? वाकायामा प्रांतातल्या प्रयोगशाळेला दुधात या जंतूच्या विष बनवणाऱ्या जनुकाचा माग लागला. जंतू मेला होता, त्याची खूण उरली होती.

शनिवार, १ जुलै आणि रविवार, २ जुलै

पत्रकार परिषदेत ओसाका कारखान्याच्या प्रमुखाने सांगितलं की नळ्यांमधल्या एका झडपेत दहा येनच्या नाण्याएवढा साका सापडला होता. अध्यक्ष इशिकावा तेत्सुरो शेजारी बसले होते आणि त्यांनाही ही गोष्ट तिथेच कळली. लोकांना गुन्हेगार सापडल्यासारखं वाटलं. अस्वच्छ झडप हे डोळ्यांना दिसणारं, रागावण्याजोगं कारण होतं, आणि कित्येक आठवडे सगळ्यांचं लक्ष ओसाकावरच राहिलं.

दुसऱ्या दिवशी ओसाका प्रांताच्या आरोग्य संस्थेने दुधात एन्टेरोटॉक्सिन ए असल्याचं सिद्ध केलं. शहराने कारखाना बंद केला.

४ ते ११ जुलै

पत्रकारांच्या गराड्यात अध्यक्ष त्रासून म्हणाले की आपण झोपलेलो नाही. हे शब्द देशभर दाखवले गेले आणि मुलांना घेऊन दवाखान्यात बसलेल्या आईबापांनी ते ऐकले. ६ जुलैला त्यांनी पद सोडत असल्याचं जाहीर केलं. ११ जुलैला कंपनीने देशभरातल्या आपल्या दूध कारखान्यांचं काम तपासणीसाठी थांबवायचं ठरवलं.

शुक्रवार, १८ ऑगस्ट
वीज गेल्यापासून १४० दिवस

ओसाकातून जाहीर झालं: ताइकीत १० एप्रिलला बनलेल्या पावडरीत हेच विष सापडलं आहे. शोध झडपेवरून मागे सरकत होक्काइदोपर्यंत, गोदामातल्या पोत्यांपर्यंत आणि तिथून बर्फाच्या सुळ्यापर्यंत पोचला. आजार कमी स्निग्धांशाच्या दुधापुरता नव्हता, हेही तोवर दिसलं होतं. त्याच पावडरीपासून बनलेली पिण्याच्या दह्याची उत्पादनंही संशयात आली होती. विरजणाने विष गेलं नव्हतं.

प्रमाण किती होतं ते पुढे शास्त्रज्ञांनी मोजलं. पावडरीच्या एका ग्रॅमात सुमारे ३.७ नॅनोग्रॅम, आणि तयार दुधाच्या एका मिलिलिटरमध्ये जास्तीत जास्त ०.३८ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. आजारी पडलेल्या माणसाच्या पोटात एकूण साधारण २० ते १०० नॅनोग्रॅम विष गेलं असावं असा त्यांचा अंदाज. इतकं थोडं जिभेला कळणं शक्यच नाही. म्हणून दूध चाखून बघणं, वास घेऊन बघणं या आपल्या सवयीच्या परीक्षा इथे काही सांगू शकत नाहीत.

डिसेंबर २०००

सरकार आणि ओसाका शहर यांच्या तज्ज्ञांचा अंतिम अहवाल आला. त्रास झाल्याची नोंद १४,७८० जणांची होती. तपासाअंती १३,४२० रुग्ण निश्चित झाले. अहवालाने मूळ ३१ मार्चच्या वीज जाण्यात आणि त्यानंतर दूध चुकीच्या तापमानाला राहण्यात दाखवलं. ताइकीतल्या उत्पादनाच्या नोंदींमध्ये फेरफार झाल्याचंही उघड झालं होतं. २००३ साली ओसाकाच्या न्यायालयाने ताइकीच्या माजी अधिकाऱ्यांना निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवलं. शिक्षा स्थगित ठेवली गेली. कंपनी पूर्वीसारखी उभी राहिली नाही. २००२ मध्ये तिच्या मांसउत्पादन करणाऱ्या उपकंपनीचा लेबलांचा घोटाळा बाहेर आला आणि उरलासुरला भरवसा गेला.

डिसेंबर २००२

जपानने सेपरेट दुधाच्या पावडरीसाठी नियम बदलला. प्रक्रियेत दूध थांबवून ठेवायचं असेल तर ते १० अंशांवर किंवा त्याखाली ठेवा, नाहीतर ४८ अंशांच्या वर. बंद नळ्यांतून सलग चालणाऱ्या यंत्रांना काही सवलती आहेत, पण त्यांनाही वेळेची मर्यादा आहे. हे दोन आकडे स्टॅफिलोकोकसच्या स्वभावातून आले आहेत: खाली तो विष बनवत नाही, वर तो वाढत नाही. मधला सगळा पट्टा त्याचा.

पुण्या-मुंबईच्या ओट्यावर झाकून ठेवलेलं दूध वर्षातला बहुतेक काळ याच पट्ट्यात असतं. सकाळी उकळलेलं असलं तरी पळीतून, ओल्या भांड्यातून, साय काढणाऱ्या बोटांतून जंतू त्यात परत येतात. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात दुपारी पारा ४५ च्या आसपास असतो आणि रात्रीही तिशीच्या घरात राहतो. म्हणजे चोवीस तासांतला एकही तास त्या पातेल्यासाठी पट्ट्याबाहेरचा नसतो.